जठराच्या ऊतीपासून मूत्राशयाची पुनर्रचना : एक शरीरक्रियाशास्त्रीय विवेचन

गोषवारा :

रोगामुळे किंवा जन्मजात दोषामुळे निकामी झालेल्या मूत्राशयाच्या जागी शरीरातीलच दुसऱ्या अवयवाची ऊती वापरण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे. त्यासाठी प्रामुख्याने आतड्याचा वापर झाला. परंतु ज्या रुग्णांची मूत्रपिंडे आधीच दुर्बल झाली आहेत त्यांना आतड्याचे मूत्राशय अपायकारक ठरते, असे दिसून आल्यावर जठराच्या ऊतीचा पर्याय पुढे आला. प्रस्तुत लेखात या पर्यायाची पार्श्वभूमी, त्यामागील शरीरक्रिया, त्याचे लाभ व दुष्परिणाम यांचे विवेचन केले आहे. जठराच्या ऊतीचे लाभ आणि तिचे दुष्परिणाम हे दोन्ही आम्लस्रवण या एकाच गुणधर्मातून उद्भवतात, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : मूत्राशय, जठर, मूत्राशयवर्धन, आम्लरक्तता, क्षाररक्तता, मूत्रपिंडविकार.

प्रस्तावना :

मानवी शरीरातील काही अवयव असे आहेत की त्यांचे महत्त्व ते बिघडल्याशिवाय लक्षात येत नाही. मूत्राशय हा त्यांपैकी एक होय. हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंड यांच्याप्रमाणे त्याच्या कार्याचा गौरव होत नाही. सर्वसामान्यांच्या दृष्टीने ती केवळ मूत्र साठविण्याची पिशवी असते. परंतु ही पिशवी निकामी झाली आणि तिच्या जागी दुसरी तयार करण्याचा प्रसंग आला, म्हणजे निसर्गाने या साध्या दिसणाऱ्या अवयवात किती गुण एकत्र केले आहेत याची कल्पना येते.

शल्यविशारदांनी या अवयवाला पर्याय शोधताना प्रथम आतड्याकडे आणि नंतर जठराकडे पाहिले. अन्न पचविण्यासाठी आम्ल निर्माण करणारी जठराची ऊती मूत्र साठविण्यासाठी वापरावी, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तथापि तिच्यामागे निश्चित असा शास्त्रीय विचार होता आणि काही रुग्णांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा प्रश्न होता. हा विचार कसा विकसित झाला, तो कोठे यशस्वी झाला व कोठे अपुरा पडला, याचा परामर्श घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. मूत्राशयाचे कार्य आणि ते निकामी होण्याची कारणे :

प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र साठू शकते. येथे केवळ क्षमतेला महत्त्व नाही. मूत्राशय भरत असताना त्याची भिंत सैल होत जाते आणि त्यामुळे आतील दाब फारसा वाढत नाही. दाब कमी राहिल्यामुळे मूत्रपिंडांकडून मूत्रवाहिन्यांवाटे येणारे मूत्र विनाअडथळा खाली उतरते. दुसरा महत्त्वाचा गुण म्हणजे मूत्राशयाचे अस्तर. हे अस्तर जवळजवळ अभेद्य असते. रक्तातून गाळून बाहेर टाकलेले क्षार, आम्ल व युरिया हे पदार्थ मूत्राशयात तासन् तास राहिले, तरी रक्तात लक्षणीय प्रमाणात परत शोषले जात नाहीत. थोडक्यात, कमी दाबाने साठवण, साठविलेल्या पदार्थाशी कोणतीही देवाणघेवाण न करणे आणि योग्य वेळी पूर्णपणे रिकामे होणे, ही मूत्राशयाची तीन लक्षणे सांगता येतील.

हा अवयव विविध कारणांनी निकामी होतो. प्रौढांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग हे प्रमुख कारण असून त्यात अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढून टाकावे लागते. मूत्रसंस्थेच्या क्षयरोगात मूत्राशय आकसून अगदी लहान होते. क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या भारतासारख्या देशात हे कारण दुर्लक्षिता येत नाही. मुलांमध्ये मात्र कारणे बहुधा जन्मजात असतात. स्पायना बायफिडा या विकारात गर्भावस्थेत पाठीचा कणा पूर्णपणे मिटत नाही आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे कार्य बिघडते. काही बालके मूत्राशय पोटाच्या भिंतीवर उघडे असलेल्या अवस्थेत जन्मतात. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मजात पडदा असतो आणि त्या अडथळ्यापुढे जोर लावून मूत्राशयाची भिंत जाड व ताठर बनते.

अशा ताठर मूत्राशयाचा खरा धोका मूत्रपिंडांना असतो. अमेरिकेतील मॅकग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले की, स्पायना बायफिडा असलेल्या ज्या मुलांच्या मूत्राशयात मूत्र गळू लागण्यापूर्वी दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीच्या पलीकडे जातो, त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव फार मोठा असतो. म्हणजेच मूत्राशयाची पुनर्रचना ही केवळ कपडे कोरडे राहावेत यासाठी केलेली सोय नसून मूत्रपिंडे वाचविण्याचा तो उपाय आहे.

येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मूळ मूत्राशय जागेवर ठेवून त्याला दुसऱ्या ऊतीचे ठिगळ जोडून त्याची क्षमता वाढविणे याला मूत्राशयवर्धन म्हणतात. मूळ मूत्राशय काढून त्याच्या जागी संपूर्ण नवा साठा तयार करणे याला मूत्राशय-प्रतिस्थापन म्हणतात. जठराचा वापर दोन्ही प्रकारांत झाला आहे; परंतु त्याचा अधिक वापर मुलांमधील मूत्राशयवर्धनासाठी झाला.

२. आतड्याच्या वापराची पार्श्वभूमी :

मूत्राला पर्यायी वाट करून देण्याचा एक प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न लंडन येथील जॉन सायमन यांनी १८५२ मध्ये केला. उघडे मूत्राशय घेऊन जन्मलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या त्यांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाशी जोडल्या. पुढे १८८८ मध्ये इटलीतील तिझ्झोनी व फोज्जी यांनी कुत्रीच्या शरीरात लहान आतड्याच्या तुकड्यापासून मूत्राशय तयार केल्याचे प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात या कल्पनेचा मोठा विस्तार झाला. अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये लहान आतड्याच्या तुकड्यावाटे मूत्र पोटावरील छिद्रातून बाहेर काढून पिशवीत जमा करण्याची पद्धत मांडली. स्वीडनमधील निल्स कॉक यांनी आतड्याची नळी लांबीच्या दिशेने उघडून ती दुमडून गोलाकार पिशवी शिवली, तर आतड्याच्या आकुंचनाच्या लाटा परस्परांना छेद देतात व आतील दाब कमी राहतो, या तत्त्वावर मूत्राचा साठा तयार केल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. आज मूत्राशयाच्या कर्करोगात केली जाणारी प्रतिस्थापनाची शस्त्रक्रिया बव्हंशी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या प्रगतीला पूरक ठरलेली एक साधी गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडीस यांनी असे प्रतिपादन केले की, मूत्राशय स्वतःहून रिकामे होत नसेल तर रुग्णाने स्वतः, केवळ स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळाने मूत्रमार्गातून कॅथेटर घालून ते रिकामे करावे. त्यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेची गरज नाही. ठिगळ जोडलेले मूत्राशय बहुधा स्वतःहून पूर्ण रिकामे होत नाही. त्यामुळे ही पद्धत नसती, तर मूत्राशयवर्धन मुलांच्या बाबतीत व्यवहार्यच ठरले नसते.

३. आतड्याची ऊती मूत्राला कसा प्रतिसाद देते :

आतड्याचे निसर्गदत्त कार्य शोषण हे आहे. ते मूत्राशयाच्या जागी शिवले, तरी आपले कार्य सोडत नाही. मूत्रपिंडाने प्रयत्नपूर्वक बाहेर टाकलेले अमोनियम व क्लोराइड हे घटक आतड्याचे अस्तर पुन्हा रक्तात ओढून घेते आणि त्या बदल्यात बायकार्बोनेट हा आम्लाचा समतोल राखणारा घटक मूत्रात सोडते. परिणामी रक्तात आम्ल व क्लोराइड वाढतात. या अवस्थेला आम्लरक्तता असे म्हणतात. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यास जोडलेल्या बहुसंख्य रुग्णांत हा दोष आढळतो, असे फेरिस व ओडेल यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते.

मूत्रपिंडे निरोगी असतील तर ती हा जादा भार उचलतात. गरज भासल्यास खाण्याच्या सोड्यासारखी औषधे देऊन समतोल राखता येतो. परंतु मूत्रपिंडेच दुर्बल असतील तर परिस्थिती गंभीर होते. रक्तातील आम्लाचा निचरा करण्यासाठी शरीर हाडांतील क्षार वापरू लागते. वाढीच्या वयातील मुलांची हाडे त्यामुळे कमकुवत होतात व वाढ खुंटण्याची भीती असते. याशिवाय आतड्याचे अस्तर सतत चिकट श्लेष्मा स्रवते. त्यामुळे कॅथेटर तुंबणे, जंतुसंसर्ग व मूत्राशयात खडे होणे या तक्रारी उद्भवतात.

येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. ताठर मूत्राशयामुळे ज्यांची मूत्रपिंडे आधीच खराब झाली आहेत, त्यांनाच मूत्राशयवर्धनाची सर्वाधिक गरज असते आणि आतड्याच्या ठिगळाचा अपायही त्यांनाच सर्वाधिक होतो. त्याचप्रमाणे काही जन्मजात दोषांत मुलाचे आतडे मुळातच लांबीला अपुरे असते. त्यातून आणखी तुकडा काढणे म्हणजे पोषणावरच घाला घालण्यासारखे असते. या पेचप्रसंगातून जठराच्या ऊतीचा विचार पुढे आला.

४. जठराच्या वापराचा विकास :

सिनायको यांनी १९५६ मध्ये कुत्र्यांच्या जठराच्या तुकड्यापासून कृत्रिम मूत्राशय तयार केले आणि मूत्राच्या संपर्काचा जठराच्या स्रावावर काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यानंतर हाँगकाँग येथील लिओंग व ओंग यांनी १९७२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोग मांडले. लिओंग यांनी १९७८ मध्ये जठराच्या साहाय्याने मूत्राशय-प्रतिस्थापन व मूत्राला पर्यायी वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला.

तथापि या पद्धतीकडे जगातील बालमूत्ररोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले ते १९८८ मध्ये. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाशी संबंधित अ‍ॅडम्स, मिचेल व रिंक यांनी अत्यंत गुंतागुंतीच्या अवस्थेतील रुग्णांसाठी जठराच्या ठिगळाने मूत्राशयवर्धन हा पर्याय सुचविला. त्यांच्यासमोर असलेला मुख्य प्रश्न वर वर्णन केलेलाच होता : मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या मुलाला आतड्याचे मूत्राशय देऊन त्याच्या रक्तातील आम्ल आणखी कसे वाढवावयाचे? यानंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया अनेक केंद्रांत करण्यात आली.

५. शस्त्रक्रियेचे स्वरूप :

जठराला दोन कडा असतात. उजवीकडील कड आखूड व अंतर्वक्र, तर डावीकडील कड लांब व बहिर्वक्र असते. या लांब कडेच्या कडेने एक रक्तवाहिनी जाते. शल्यविशारद जठराच्या मध्यभागातून, लांब कडेवर पाया असलेला त्रिकोणी तुकडा कापून घेतात. हा तुकडा रक्तवाहिनीपासून तोडला जात नाही, ही या शस्त्रक्रियेतील महत्त्वाची बाब होय. झाडाची फांदी मूळ खोडाला जोडलेली ठेवूनच वाकवून दुसरीकडे न्यावी, त्याप्रमाणे तो तुकडा आपल्या रक्तवाहिनीच्या देठासह खाली ओटीपोटात आणला जातो. जठराचा उरलेला भाग शिवून बंद केला जातो. तुकडा घेताना आखूड कडेजवळून जाणारे मज्जातंतू जपले जातात, जेणेकरून उरलेले जठर नेहमीप्रमाणे रिकामे होऊ शकेल.

यानंतर मूळ मूत्राशय रुंद उघडून त्यावर हा तुकडा झाकणाप्रमाणे शिवला जातो. त्यासाठी विरघळणारा धागाच वापरावा लागतो, कारण न विरघळणारा धागा किंवा धातूची टाचणी मूत्रात राहिल्यास त्याभोवती खडा तयार होतो. जखमा भरून येईपर्यंत काही आठवडे मूत्र नळीवाटे बाहेर काढले जाते. त्यानंतर रुग्णाला दिवसातून ठरावीक वेळा कॅथेटरने मूत्राशय रिकामे करण्याची सवय लावली जाते. जठराची भिंत जाड व स्नायुयुक्त असल्यामुळे तिच्या अस्तराखालून बोगदा करून त्यात मूत्रवाहिनी रोवणे सुलभ जाते आणि मूत्र उलटे मूत्रपिंडाकडे चढण्यास प्रतिबंध होतो.

६. जठरीय ऊतीचे लाभ :

जठराच्या ऊतीचे महत्त्व समजण्यासाठी तिचे मूळ कार्य पाहिले पाहिजे. जठराच्या मध्यभागातील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. हे करताना पेशी आम्लाचा अंश जठराच्या पोकळीत सोडते आणि त्याच वेळी तेवढेच बायकार्बोनेट रक्तात सोडते. जेवणानंतर काही काळ रक्ताचा कल किंचित क्षारधर्माकडे झुकतो, तो यामुळेच. परंतु निरोगी शरीरात हा बदल टिकत नाही. आम्लयुक्त अन्न पुढे लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड त्यात बायकार्बोनेट ओतते आणि तेवढाच आम्लांश रक्तात परततो. अशा रीतीने एका टोकाला केलेला खर्च दुसऱ्या टोकाला जमा होतो व हिशेब बरोबर जुळतो.

जठराचा तुकडा मूत्राशयात नेल्यावर मात्र हा हिशेब उघडा पडतो. तुकडा आम्ल स्रवतो, रक्ताला बायकार्बोनेट देतो. परंतु स्रवलेले आम्ल स्वादुपिंडापर्यंत न पोहोचता मूत्राबरोबर शरीराबाहेर जाते. ते परत येत नाही. म्हणजेच प्रत्येक वेळी शरीरातून थोडे आम्ल कायमचे वजा होते.

मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या मुलाच्या दृष्टीने ही अत्यंत इष्ट गोष्ट आहे. प्रथिनांच्या चयापचयातून रोज तयार होणारे आम्ल बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे एक प्रमुख काम होय आणि नेमके तेच त्यांना जमेनासे झालेले असते. आतड्याचे ठिगळ या मुलाच्या रक्तात आम्लाची भर घालते, तर जठराचे ठिगळ ते आम्ल बाहेर टाकते. या मर्यादित अर्थाने जठराचे ठिगळ दुर्बल मूत्रपिंडाच्या मदतीला धावून येते, असे म्हणता येईल.

याखेरीज पुढील लाभही नोंदविले गेले आहेत :

(१) जठराची ऊती क्लोराइड व अमोनियम यांचे शोषण आतड्याच्या तुलनेत फार कमी करते.

(२) तिच्यातून निघणाऱ्या श्लेष्म्याचे प्रमाण आतड्यापेक्षा कमी असते.

(३) मूत्र आम्लधर्मी राहिल्यामुळे जंतूंची वाढ कमी होते आणि संसर्गामुळे होणाऱ्या खड्यांचे प्रमाण घटते.

(४) आतडे आखूड असलेल्या अथवा किरणोपचारामुळे आतड्यास इजा झालेल्या रुग्णांत उरलेले आतडे पोषणासाठी राखून ठेवता येते.

७. मर्यादा व दुष्परिणाम :

वरील सर्व लाभ आम्लस्रवणाशी निगडित आहेत. दुष्परिणामांचे मूळही तेथेच आहे.

पहिला दुष्परिणाम म्हणजे वेदना व रक्तस्राव. मूत्राशयाचे व मूत्रमार्गाचे मूळ अस्तर तीव्र आम्ल सहन करण्यासाठी बनलेले नाही. ‘अ‍ॅसिडिटी’मुळे छातीत होणारी जळजळ बहुतेकांच्या परिचयाची असते. तशीच जळजळ या रुग्णांना मूत्रविसर्जनाच्या वेळी होते. जंतुसंसर्ग नसतानाही मूत्रातून रक्त जाते. आम्लामुळे ते कधी कॉफीच्या रंगाचे दिसते. मूत्र गळत असल्यास आसपासची त्वचा सोलवटते. मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो कमीअधिक प्रमाणात आढळला. स्पायना बायफिडाच्या मुलांना त्या भागात संवेदना कमी असल्याने त्रास तुलनेने कमी जाणवतो. उलट ज्या मुलांच्या संवेदना शाबूत असतात, उदाहरणार्थ उघड्या मूत्राशयासह जन्मलेली मुले, त्यांना तो अधिक सोसावा लागतो.

या ठिकाणी शरीरक्रियेतील एक उद्बोधक बाब लक्षात येते. ठिगळाचा मज्जातंतूंशी असलेला संबंध शस्त्रक्रियेत तुटतो, तरी रक्ताशी असलेला संबंध टिकून असतो. जेवण जठरात पोहोचले की जठराचा खालचा भाग गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सोडतो. ते रक्तावाटे ओटीपोटातील ठिगळापर्यंतही पोहोचते आणि ठिगळ त्या आज्ञेचे पालन करते. पोटात घास पडला की मूत्राशयातही आम्ल सुटते. स्थान बदलले तरी ऊती आपला धर्म विसरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरा दुष्परिणाम म्हणजे क्षाररक्तता. आम्ल व क्लोराइड यांचा सततचा ऱ्हास झाल्याने रक्त क्षारधर्माकडे झुकते. एरवी मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट बाहेर टाकून समतोल राखतात. परंतु मुलाला उलट्या किंवा जुलाब होऊन शरीरातील पाणी व क्षार कमी झाले, तर मूत्रपिंडांना हे काम करता येत नाही. ठिगळ मात्र आम्ल स्रवतच राहते. अशा वेळी सुस्ती, स्नायूंची दुर्बलता, श्वसन मंदावणे व प्रसंगी झटके येणे ही गंभीर लक्षणे दिसू शकतात. इतर मुलांमध्ये घरच्या घरी आटोक्यात येणारे पोटाचे दुखणे या मुलांमध्ये रुग्णालयात दाखल करण्याचे कारण ठरू शकते, ही गोष्ट पालकांना आधीच समजावून सांगणे अगत्याचे असते. उपचारात शिरेवाटे सलाइन व पोटॅशियम दिले जाते आणि आम्लस्रवण रोखणारी औषधे दिली जातात.

तिसरा धोका रिकाम्या मूत्राशयाचा आहे. मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी होऊन मूत्र तयार होणेच थांबले, तर आम्ल सौम्य करण्यास मूत्र उरत नाही. अशा स्थितीत तीव्र आम्लामुळे मूत्राशयात व्रण होणे व क्वचित भिंतीला छिद्र पडणे, असे प्रकार नोंदविले गेले आहेत. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांसाठी निवडलेला उपाय त्या विकाराच्या अंतिम टप्प्यात उलटू शकतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

चौथा व दीर्घकालीन धोका कर्करोगाचा आहे. जठराच्या ठिगळात, शस्त्रक्रियेनंतर दहा वा अधिक वर्षांनी कर्करोग झाल्याचे वृत्तांत २००० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. आतड्याच्या ठिगळातही असे रुग्ण आढळले आहेत. बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला पुढे अनेक दशके जगावयाचे असते. त्यामुळे अशा रुग्णांची आयुष्यभर नियमित तपासणी करणे आवश्यक ठरते.

८. उपाययोजना व रुग्णनिवड :

आम्लाच्या त्रासावर हिस्टामिनचा परिणाम रोखणारी औषधे आणि ओमेप्राझोलसारखी आम्लनिर्मिती थांबविणारी औषधे वापरली गेली. काही वेळा सोड्याच्या द्रावणाने मूत्राशय धुण्याचा मार्गही अवलंबिला गेला. परंतु येथे एक तार्किक अडचण आहे. आम्लनिर्मिती पूर्णपणे थांबविली, तर ज्या गुणासाठी जठराची निवड केली तो गुणच नाहीसा होतो. म्हणून औषधाचे प्रमाण रुग्णागणिक ठरवावे लागते.

दुसरा मार्ग जठर व आतडे यांचा संमिश्र साठा तयार करण्याचा होता. एका ऊतीने आम्ल शोषावे व दुसरीने ते स्रवावे, म्हणजे दोहोंचे दोष परस्परांना छेदतील, असा त्यामागील विचार होता. गुंतागुंतीच्या काही निवडक रुग्णांत तो उपयुक्त ठरला. मात्र त्यासाठी पचनसंस्थेवर दोन ठिकाणी शस्त्रक्रिया करावी लागते.

या सर्व अनुभवांचा परिणाम असा झाला की जठराचा वापर उत्तरोत्तर कमी होत गेला. आज मूत्राशयवर्धनासाठी सर्वसाधारणपणे लहान आतड्यालाच प्रथम पसंती दिली जाते. जठराचा विचार आतडे अपुरे असलेल्या, किरणोपचार झालेल्या किंवा आम्लरक्ततेचा धोका मोठा असलेल्या मोजक्या रुग्णांपुरता मर्यादित राहिला आहे.

९. ऊतींच्या उसनवारीपलीकडे :

आतडे काय किंवा जठर काय, दोन्ही उसनी आणलेली ऊती आहे. मूत्राशयाच्याच पेशींपासून मूत्राशय तयार करता आले तर हा प्रश्न मुळातच सुटेल, या अपेक्षेने संशोधन सुरू झाले. अँथनी अटाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे २००६ मध्ये स्पायना बायफिडा असलेल्या ४ ते १९ वर्षे वयाच्या ७ रुग्णांचा वृत्तांत मांडला. रुग्णाच्या मूत्राशयातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, विरघळणाऱ्या साच्यावर पेरून, तो साचा मूत्राशयास जोडण्यात आला होता. या वृत्तामुळे जगभर मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु याच धर्तीवर १० मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्राशयाच्या लवचिकतेत अपेक्षित सुधारणा झाली नाही आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाणही स्वीकारार्ह मर्यादेपलीकडे गेले.

दुसरी दिशा प्रत्यारोपणाची आहे. ४ मे २०२५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे नीमा नसिरी व इंदरबीर गिल यांच्या नेतृत्वाखाली मानवी मूत्राशयाचे प्रत्यारोपण करण्यात आले. मानवी मूत्राशयाचे जगातील पहिले प्रत्यारोपण म्हणून ते जाहीर झाले. एकाच दात्याचे मूत्रपिंड व मूत्राशय त्या रुग्णाला बसविण्यात आले. तथापि परक्या अवयवाचा स्वीकार व्हावा यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे हा पर्याय सध्या तरी अगदी मोजक्या रुग्णांपुरताच विचारात घेता येतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) मूत्राशय ही निष्क्रिय पिशवी नाही. कमी दाब व अभेद्य अस्तर हे तिचे गुण इतर कोणत्याही ऊतीत तंतोतंत आढळत नाहीत.

(२) आतड्याची ऊती शोषते आणि जठराची ऊती स्रवते. मूत्राशयाच्या जागी नेल्यावरही दोघी आपापले मूळ कार्य चालू ठेवतात.

(३) जठराच्या ऊतीचे लाभ व दुष्परिणाम एकाच गुणधर्माची दोन रूपे आहेत. दुर्बल मूत्रपिंडांना हातभार लावणारे आम्लस्रवणच वेदना, व्रण व क्षाररक्ततेला कारणीभूत होते.

(४) म्हणून ‘सर्वोत्तम ऊती कोणती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘या रुग्णाच्या मूत्रपिंडांची, आतड्याची व संवेदनांची आजची अवस्था पाहता कोणता दोष त्याला पेलवेल?’ हा प्रश्न विचारणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. ही अवस्था काळानुसार बदलते, हेही विसरता कामा नये.

(५) शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे उपचार संपले असे होत नाही. दररोजचे कॅथेटर, रक्ताच्या नियमित तपासण्या आणि आजारपणातील सावधगिरी यांची जबाबदारी रुग्ण व कुटुंबीय यांना आयुष्यभर वाहावी लागते. याची पूर्वकल्पना देणे हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

जठराच्या मूत्राशयाचा वापर आज विरळ झाला असला, तरी या प्रयत्नाचे शास्त्रीय मोल कमी होत नाही. एका अवयवाची ऊती दुसऱ्या जागी नेताना तिचे आकारमान व बळकटी पाहणे पुरेसे नसून ती तेथे गेल्यावर काय करीत राहील हेही पाहावे लागते, ही शिकवण या प्रयत्नाने दिली. ऊती-अभियांत्रिकी व प्रत्यारोपण यांच्या वाटेने जाणाऱ्या पुढील संशोधनालाही ती तितकीच लागू पडते.